नगर जिल्ह्यातील कर्जदार शेतकरी आणि नादारीचा कायदा

१

कर्ज फेडण्याचे सामर्थ्य संपलेल्या मनुष्याच्या अवस्थेला मराठीत दोन शब्द रूढ आहेत. ‘दिवाळे’ हा पेठेतला शब्द. दिवाळे निघते ते पेढीचे, दुकानाचे. भर दिवसा दुकानात दिवा लावून आपले व्यवहार बुडाल्याचे जाहीर करण्याच्या जुन्या व्यापारी रिवाजाशी त्याचा संबंध जोडला जातो. ‘नादारी’ हा कचेरीतला शब्द. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार, असा त्याचा सरळ अर्थ. शाळेत फी माफ झालेल्या विद्यार्थ्यालाही हाच शब्द लावण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. पहिल्या शब्दात पत गेल्याची लाज आहे, दुसऱ्यात सरकारदरबारी नोंदलेले दारिद्र्य आहे. कर्जबाजारी कुणब्याची अवस्था मात्र या दोहोंपैकी एकाही शब्दात नीट मावत नाही. त्याच्यापाशी जमीन असते, म्हणून तो नादार नव्हे. आणि त्याची पेढी नसते, म्हणून त्याचे दिवाळे निघत नाही.

हा केवळ शब्दांचा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु १८७९ साली ब्रिटिश सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी जो विशेष कायदा केला, त्यात नादारीचे एक स्वतंत्र प्रकरणच घातले होते. अवघ्या पन्नास रुपयांचे कर्ज असलेल्या शेतकऱ्यालाही आपण राहतो त्या हद्दीतील दुय्यम न्यायाधीशाकडे अर्ज करून स्वतःस नादार ठरवून घेता येईल, अशी त्यात सोय होती. त्या काळच्या मानाने ही सवलत उदार म्हटली पाहिजे. असे असूनही त्या कायद्याच्या इतर प्रकरणांचा जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या मानाने नादारीचे प्रकरण जवळजवळ निद्रिस्त राहिले. कर्जाने गांजलेल्या मुलखात ऋणमुक्तीचे दार उघडे असताना त्यातून फारसे कोणी गेले नाही, हे कसे घडले, याचा विचार नगर जिल्ह्याच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

२

नगर जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याचा पश्चिम डोंगराळ पट्टा सोडला तर पूर्वेकडे व दक्षिणेकडे पाऊस कमी आणि लहरी होत जातो. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या तालुक्यांत शेतीचा भरवसा मुख्यतः रब्बी ज्वारीवर, म्हणजे परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर. अशा प्रदेशात सावकार हा शेतीव्यवहाराचा अपवादात्मक नव्हे तर नित्याचा घटक होता. बियाणे, बैल, सरकारसाऱ्याचा हप्ता, लग्नकार्य आणि पडसालातील पोटगी या साऱ्यांसाठी कुळाचे खाते सावकाराच्या वहीत चालूच असे. बियाण्याचे धान्य वाढीदिढीने घ्यावयाचे व सुगीला परत करावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

पेशवाईतही सावकारी होती आणि तगादा, धरणे यांचा जाचही होता. परंतु वसुलीसाठी सावकाराला गावाच्या संमतीवर पुष्कळसे अवलंबून राहावे लागे. इंग्रजी अमलात हे बलाबल पालटले. १८५५ साली व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठविण्यात आली. १८५९ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याने हुकूमनामा मिळालेल्या सावकाराच्या हाती जप्ती, लिलाव आणि कर्जदाराची अटक ही साधने आली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. कर्जदाराच्या हितासाठी केलेली ही मर्यादा प्रत्यक्षात त्याच्याच गळ्याला लागली. मुदत संपण्यापूर्वी जुने खत बदलून नवे लिहून घ्यावयाचे व त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून चढवावयाचे, अशी रीत पडली. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक रक्कम वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना दंडक अशा रीतीने शाबूत राहूनही निरर्थक झाला. कारण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे होई.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला अपूर्व भाव आला आणि शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जे मिळाली. युद्ध संपताच भाव कोसळले. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या बाकीचा तगादा सुरू केला. त्यातच काही तालुक्यांत सरकारसाऱ्याची फेरआकारणी होऊन बोजा वाढला होता.

या स्थितीत नादारीच्या कायद्याचा आधार होता काय? १८२८ व १८४८ साली ब्रिटिश पार्लमेंटने केलेले नादारीचे कायदे मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांपुरते, म्हणजे मुख्यतः व्यापाऱ्यांसाठी होते. मुफसल भागात कैदेत पडलेल्या कर्जदाराला आपली मालमत्ता स्वाधीन करून सुटका मागता येत असे. परंतु ती तुरुंगातून सुटका होती, कर्जातून नव्हे. मुंबईच्या व्यापाऱ्याला जी मोकळीक होती ती पारनेरच्या शेतकऱ्याला नव्हती.

३

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका मारवाडी सावकाराने हुकूमनाम्याच्या आधारे गावच्या देशमुखाचे घर पाडावयास घेतले व त्यावरून सावकारांवर सामाजिक बहिष्काराची चळवळ उभी राहिली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांच्या घरांवर हल्ला केला. शिरूरला लागूनच असलेल्या नगर जिल्ह्यात त्याचे लोण लगेच पोहोचले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांतील अनेक गावी दंगे झाले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांना अटक करण्यात आली.

या दंग्यांचा विशेष असा की, जमावाचा रोख बहुधा सावकाराच्या जिवावर नव्हता, तर त्याच्या दप्तरावर होता. खते, रोखे आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळावयाचे, आणि ती मिळाली की पुष्कळदा जमाव पांगे. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा होता. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यात एक मागणी स्पष्ट दिसते: हिशेब खोटा आहे, म्हणून तो पुसला जावा, जमीन व घर मात्र आपल्याकडे राहावे. ‘आमच्यापाशी आता काही नाही, असेल ते घ्या व सोडा’ असे हे लोक म्हणत नव्हते. नादारीच्या अर्जात नेमके तेच म्हणावे लागते.

दंग्यांच्या व्याप्तीविषयी पुढील अभ्यासकांत एकमत नाही. रविंदर कुमार यांनी १९६० नंतरच्या दशकात ग्रामसमाजातील बदललेल्या सत्तासंबंधांच्या संदर्भात त्यांचा अर्थ लावला. उलट नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली दंग्यांचे महत्त्व अतिशयोक्त असल्याचे प्रतिपादन केले आणि सावकारांकडे जमिनी मोठ्या प्रमाणावर गेल्या होत्या या समजाविषयीही शंका घेतली. प्रस्तुत प्रश्नापुरते पाहिल्यास हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी ठरत नाहीत. जमीन प्रत्यक्ष किती गेली यापेक्षा ती जाईल ही भीती शेतकऱ्याच्या वर्तनाला अधिक कारणीभूत होती. आणि ज्याची जमीन अद्याप गेलेली नाही, तोच ती राखण्यासाठी झगडतो.

४

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर, आणि मधल्या १८७६–७७ च्या भीषण दुष्काळानंतर, १८७९ चा सतरावा कायदा, म्हणजे दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, संमत होऊन १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. त्याच्या तरतुदी अनेक असल्या तरी त्यांपैकी चार येथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद खताच्या पाठीमागे जाण्याची. न्यायाधीशाने केवळ कागदावरील आकडा न पाहता व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचे खाते निराळे मांडावे आणि व्याजावर व्याज धरू नये, असा दंडक घालण्यात आला. दुसरी, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक व कैद करता येऊ नये. तिसरी, जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती अशा हुकूमनाम्यापोटी जप्त करून विकता येऊ नये. चौथी तरतूद नादारीची.

ही चौथी तरतूद का करावी लागली हे पाहण्यासारखे आहे. १८७७ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याने मुफसलातही नादारीची सोय प्रथमच केली होती. परंतु तिचा लाभ मुख्यतः अटक झालेल्या वा कैदेत असलेल्या ऋणकोला होता. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याची अटकच बंद केली. त्यामुळे नादारीकडे जाणारा त्याचा मार्गही आपोआप बंद झाला असता. म्हणून अटक झालेली नसली व जप्तीचा हुकूम निघालेला नसला तरीही पन्नास रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास अर्ज करता येईल, असे स्वतंत्र कलम घालण्यात आले. एवढेच नव्हे तर नादार शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता प्रापकाकडे जाणार नाही, हेही ठरविले. कुटुंबाच्या निर्वाहास आवश्यक तेवढी जमीन वगळून उरलेली जमीन कलेक्टरने जास्तीत जास्त सात वर्षे ताब्यात घेऊन तिचे उत्पन्न धनकोंस द्यावे, अशी व्यवस्था होती. इंग्लंडमधील व्यापारी कायद्याचा साचा दख्खनच्या शेतीला बसविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, यात शंका नाही.

५

तरीही हे दार ओस राहिले. त्याची कारणे अज्ञान वा कोर्टखर्च एवढ्यावर सोडून देणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. कारण त्याच कायद्यातील इतर तरतुदींचा आश्रय घेण्यास शेतकरी कचरले नाहीत.

पहिले कारण कायद्याच्या रचनेतच होते. नादारीचा अर्ज मनुष्य करतो तो बहुधा मोठे संकट टाळण्यासाठी. अटक आणि जमिनीचा लिलाव ही दोन संकटे त्याच कायद्याने दूर केल्यावर अर्ज करण्याची निकड उरली नाही. ज्याचे कर्ज साध्या खताचे होते त्याची जमीन सुरक्षित होती. ज्याची जमीन गहाण होती त्याला नादारीने फारसे साधत नव्हते, कारण तारण असलेल्या धनकोचा त्या जमिनीवरील हक्क नादारीने नष्ट होत नाही. पुढे सावकारही साध्या खताऐवजी गहाणखत वा खरेदीखत मागू लागले, आणि नादारीचा उपयोग आणखी संकुचित झाला.

दुसरे कारण शेतीच्या कालचक्राचे आहे. नादारीचा कायदा एका ठराविक दिवशी मनुष्याची येणी आणि देणी समोरासमोर मांडतो. व्यापाऱ्याच्या बाबतीत हे शक्य असते. त्याचा माल, रोकड व उधारी यांची त्या दिवशीची किंमत काढता येते. कोरडवाहू शेतकऱ्याचे तसे नाही. आषाढात पेरणीच्या तोंडावर तो बहुधा नादारच असतो. पाऊस चांगला झाला तर माघात ज्वारी खळ्यावर आल्यावर तो नादार नसतो. त्याचे दारिद्र्य एका दिवसाचे नव्हे, एका पावसाचे असते. असा मनुष्य हिशेब कायमचा मिटविण्याऐवजी पुढील सालावर ढकलणेच पसंत करतो, आणि ते सर्वस्वी अविचाराचे नसते.

तिसरे कारण पतीचे. नादार ठरलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या पेठेत, दुसऱ्या नावाने, नवी सुरुवात करता येते. शेतकऱ्याला गाव सोडता येत नाही. जमीन उचलून नेता येत नाही. गावात कर्ज देणारे एक-दोनच. त्यांची नावे नादारीच्या यादीत लिहून दिल्यावर पुढील पेरणीचे बियाणे कोणाकडून आणावयाचे, हा प्रश्न कायदा सोडवीत नव्हता. उलट सावकारालाही कुळ नादार झालेले नको असे. न संपणारे खाते म्हणजे दर सुगीला ठरल्या भावाने घरी येणारे धान्य. अशा रीतीने हिशेब न मिटविण्यात, अगदी विषम प्रमाणात का होईना, दोन्ही पक्षांचा स्वार्थ गुंतलेला होता.

चौथे कारण धर्म व अब्रू यांचे. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे कर्तव्य, ही भावना खोल रुजलेली होती. १८६६ च्या मुंबईच्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली असली, तरी कायद्याने सैल केलेले बंधन लोकाचाराने घट्ट धरून ठेवले. न्यायाधीशापुढे जाऊन ‘मी देणे देऊ शकत नाही’ असे स्वतःच जाहीर करणे हे लग्नसंबंध जुळविण्याच्या व भाऊबंदांत मान राखण्याच्या आड येणारे होते.

या कारणांचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते की, शेतकऱ्याला हवा होता तो हिशेबाचा न्याय. कायद्याने त्याला देऊ केली ती हिशेबातून सुटका. जेथे कायद्याने हिशेब तपासला, म्हणजे खताच्या पाठीमागे जाण्याच्या तरतुदीत, तेथे त्याचा काही उपयोग झाला. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञ न्यायाधीशाने या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम केले होते. परंतु कितीही न्याय्य हिशेब केला तरी पर्यायी पतपुरवठ्यावाचून तो अपुराच राहणार, हे जाणत्यांनी ओळखले होते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी सुचविलेल्या शेतकी पेढीच्या योजनेत आधी जुन्या कर्जांचा निकाल आणि मग नवे स्वस्त कर्ज, असा क्रम होता. ती योजना विलायतेत फेटाळली गेली. जोतीराव फुले यांनी त्याच सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या नागवणुकीस कोर्टकचेऱ्यांनाही जबाबदार धरले होते, हेही येथे स्मरणीय आहे.

६

पुढील काळात दोन प्रवाह समांतर वाहिले. नादारीचा कायदा सर्वसाधारण झाला. १९०७ चा आणि त्याच्या जागी आलेला १९२० चा प्रांतिक नादारीचा कायदा इलाखा शहरांबाहेरील सर्वांना लागू झाले. शेतकऱ्याच्या ऋणमुक्तीचा विचार मात्र निराळ्याच मार्गाने गेला. १९३९ च्या मुंबईच्या कायद्याने कर्ज-समायोजन मंडळे आली. १९४७ च्या कायद्याने ते काम न्यायालयांकडे दिले आणि ठरलेली रक्कम हप्त्यांनी फेडण्याची व्यवस्था केली. १९७५ च्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची विशिष्ट कर्जे रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरविला.

नगर जिल्ह्यात या इतिहासाला सहकाराने निराळे वळण दिले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले व प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांत उसाची शेती वाढली. लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली सहकारी पतपेढी काढली आणि पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०–५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. वेडरबर्न यांनी सुचविलेला दुसरा दुवा, म्हणजे पर्यायी पत, येथे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेतून निर्माण झाला. परंतु कालव्याचे पाणी जेथे पोहोचले नाही त्या दक्षिणेकडील तालुक्यांत, म्हणजे १८७५ च्या दंग्यांच्या मुलखात, हा दुवा तेवढा बळकट झाला नाही.

७

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या या जिल्ह्यातील रहिवाशाला आज स्वतःस नादार ठरवून घ्यावयाचे झाल्यास शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडेच जावे लागते. १९२० च्या कायद्यानुसार मनुष्य जेथे सामान्यतः राहतो वा धंदा करतो तेथील न्यायालयात, मुख्यतः जिल्हा न्यायालयात, अर्ज करावयाचा असतो. देणे देण्याची असमर्थता दाखवावी लागते आणि त्याखेरीज कर्ज मूळ कायद्यातील ५०० रुपयांच्या मर्यादेइतके तरी असावे लागते, किंवा हुकूमनाम्यापोटी अटक वा जप्ती झालेली असावी लागते. धनकोंची नावे, देण्यांचा तपशील आणि मालमत्तेची यादी अर्जात द्यावी लागते. नादार ठरल्यावर, कायद्याने जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून, मालमत्ता न्यायालयाकडे वा प्रापकाकडे जाते आणि शेवटी ऋणमोचनाचा हुकूम निराळा मागावा लागतो. तो मिळेपर्यंत संविधानाच्या १०२ व १९१ या अनुच्छेदांन्वये संसद व विधिमंडळ यांची दारे त्याला बंद असतात.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हा जुना कायदा रद्द करण्याचे योजिले. परंतु संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच अमलात आला. त्या भागात अत्यंत गरीब ऋणकोसाठी ‘नव्या आरंभा’ची एक तरतूद आहे. तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत, आणि स्वतःच्या मालकीचे राहते घर नसणे. गहाण पडलेले का होईना, ज्याचे घर आहे तो या तरतुदीत बसत नाही. म्हणजे १८७९ च्या कायदेकारांनी निदान ज्याचा विचार केला होता तो जमीन व घर असलेला परंतु देण्याने बुडालेला शेतकरी, ही तरतूद पूर्णतः अमलात आली तरी तिच्या बाहेरच राहील.

१ जून २०१७ रोजी याच जिल्ह्यातील पुणतांबे गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी नादारी मागितली नाही, कर्जमाफी मागितली. त्यांच्यापुढे सावकार नव्हता, बँक आणि सोसायटी होती. रोखे जाळले गेले नाहीत, दूध व भाजीपाला रोखला गेला. परंतु मागणीचे स्वरूप १८७५ च्या मागणीशी जुळणारे होते: हिशेब पुसावा, जमीन राहावी, आणि पुढील पेरणीला पत मिळावी. कर्जमाफी हा त्यावरील वारंवार योजलेला, पण सरकारच्या मर्जीवर व वेळेवर अवलंबून असलेला उपाय होय. तो कृपा म्हणून मिळतो, हक्क म्हणून नव्हे. नादारी हा हक्क आहे. परंतु ज्याला आपली भूमी सोडावयाची नाही त्याच्या उपयोगाचा नव्हे. शेतकऱ्याला हक्काने मागता येईल आणि जमिनीवर राहूनच घेता येईल, असा ऋणमोचनाचा मार्ग शोधण्याचा पहिला प्रयत्न १८७९ साली या जिल्ह्यात झाला होता. तो फसला म्हणून विसरला गेला. तो का फसला हे पाहिल्यावाचून दुसरा प्रयत्न यशस्वी होण्याची आशा बाळगता येणार नाही.